डाव्या पायाचा बूट

पहिला ठोसा बरगडीत बसला की गादीला हायसं वाटायचं. चला, दिवस सुरू झाला. हात कुठून येतोय ते दिसतंय, आपण अजून उभे आहोत. दुसरा पोटात यायचा, तिसरा कानशिलावर, आणि त्यानंतर मोजण्यात अर्थ नसायचा. नाकातलं रक्त घामाबरोबर ओठावर उतरायचं, जिभेला खारट लागायचं, आणि समोरचा पोरगा दातांवरचं रबर चावत पुन्हा हात उगारायचा.

मार खाणं हेच त्याचं काम होतं. मोठ्या मॅचच्या आधी बॉक्सरला कुणावर तरी हात चालवावे लागतात. वाळूची पिशवी कितीही बडवली तरी ती चुकवत नाही, मागे सरत नाही, उलटा हात टाकत नाही. त्यासाठी जिवंत माणूस लागतो. असा माणूस, जो चुकवेल पण फार नाही, मारेल पण लागेल असं नाही, आणि तिसऱ्या फेरीत हातपाय गाळून पडणार नाही. गादीने हे काम एकोणीस वर्षं केलं होतं. त्याआधी तो स्वतः अकरा मॅच खेळला आणि त्यातल्या आठ हरला. नाक एकदा उजवीकडे मोडलं, एकदा डावीकडे. तिसऱ्यांदा मोडलं तेव्हा ते बऱ्यापैकी मध्यावर आलं, असं तो स्वतःच सांगायचा.

नाव मास्तरांनी पाडलं. जिम त्यांची होती. जुन्या गोदामाचा वरचा मजला, मधोमध रिंग, दोरांना गुंडाळलेली चिकटपट्टी आणि कोपऱ्यात लाल झालेल्या पाण्याची बादली. "हा माणूस नाही, गादी आहे," मास्तर नव्या पोरांना सांगायचे. "कितीही बडवा, सकाळी परत फुगलेली." पोरं हसायची. गादीही हसायचा. माणसाला कशाचा ना कशाचा अभिमान लागतोच, आणि त्याला या नावाचा होता.

जिममध्ये एक नियम होता. तोंडात रबर असतं, त्यामुळे फेरी चालू असताना बोललेलं नीट कळत नाही. तेव्हा ज्याला थांबायचं असेल त्याने उजव्या ग्लोव्हने स्वतःच्या हेडगार्डवर दोन टपल्या मारायच्या. टप, टप. मास्तर लगेच शिट्टी वाजवायचे. भलेभले आडदांड गडी या दोन टपल्या मारून बाहेर पडलेले गादीने पाहिले होते. एकाने तर रिंगमध्ये पाऊल ठेवताक्षणीच मारल्या होत्या. एकोणीस वर्षांत गादीने मात्र एकदाही मारल्या नाहीत.

घरी मात्र तो रोज मारायचा. बायको भात वाढायला लागली की तिचा हात थांबायचा नाही. मग तो तोंडात घास असतानाच डोक्यावर दोन टपल्या मारायचा. ती म्हणायची, "बरं, बरं, थांबले," आणि वर एक डाव आणखी वाढायची. लेक सहावीत होती तेव्हा गणिताचा अभ्यास नको झाला की तीही टपल्या मारायची. त्या घरात सगळ्यांनाच ती खूण पाठ होती.

त्या वर्षी मास्तरांच्या हाती घण लागला होता. पोरगा बावीस वर्षांचा, खांदे दारासारखे, स्वभाव गायीसारखा. हात मात्र खरोखरच घणासारखा. वाईट एवढंच, की तो मारल्यावर विचारपूस करायचा.

"काका, लागलं का?"

"तू मार रे. चौकशा नंतर."

"नाही, आवाज जरा वेगळा आला."

मॅच सहा आठवड्यांवर होती. त्या सकाळी तिसऱ्या फेरीत घणाचा डावा हात गादीच्या यकृतावर बसला. तिथे लागलं की पोटातून वीज जाते, पाय आपले राहत नाहीत. गादीचा गुडघा वाकला आणि तो दोरावर रेलला. घणाने हात आवरला. मास्तरांनी शिट्टी वाजवली. बोलले तेव्हा आवाज खाली होता, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"दम संपला तुझा."

"गुडघा आहे मास्तर. दम आहे."

"गुडघा असो नाहीतर कोपर. याला सहा-सहा फेऱ्या उभा राहणारा माणूस हवाय. दोन आठवडे देतो. रोज आठ किलोमीटर धाव. धावलास तर तू, नाहीतर मी बाहेरून माणूस बोलावतो." मग नजर न मिळवता म्हणाले, "आणि एकदा दुसरा आला की तोच राहील. हे मी आत्ताच सांगून ठेवतो."

गादी घरी आला तो गुडघ्याला बर्फ लावूनच बसला. दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं. एकदा मेहुण्याच्या ओळखीने दुकानावर राखणदार म्हणून उभा राहिला होता. चौथ्या दिवशी एका दारुड्याने त्याला थोबाडीत मारली, तर हा सवयीने त्याला म्हणाला, "कोपर जरा वर घे, जोर येईल." मालकाने त्याच संध्याकाळी रजा दिली.

बायको लाँड्रीत इस्त्री करायची. दिवसाला शंभर-शंभर शर्ट. मनगटापासून कोपरापर्यंत तिचा हात गादीपेक्षा टणक होता. तिने बर्फाची पिशवी बदलली आणि म्हणाली, "मास्तरांना म्हणावं, आणा माणूस."

"अगं, दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. चांगले बूट मिळाले तर गुडघा काय म्हणतोय."

लेक आता कॉलेजात होती. तिने फोनवर शोधून यादीच केली. "बाबा, तुम्हाला जाड गादीवाले रोड रनिंगचे बूट लागतील. रोजच्या सरावाचे. टाचेखाली चाळीस मिलिमीटर फोम."

"चाळीस मिलिमीटर म्हणजे किती?"

तिने बोटांनी दाखवलं. गादीने बायकोकडे पाहिलं. "एवढा फोम तर आपल्या पलंगावर नाही."

शनिवारी नवराबायको दुकानात गेली. पावणेदोन खणांचं दुकान, छतापर्यंत खोकी, मध्ये रबराची लांबलचक पट्टी अंथरलेली. मालकीणबाई साठीच्या. केस बारीक कापलेले, चष्मा दोरीने गळ्यात. लोकांचे पाय हातात घेण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि तोंडाकडे पाहायची त्यांना फारशी गरज वाटत नव्हती. गादीचं तोंड पाहून लोक एरवी पाऊलभर मागे सरायचे. या बाईंनी सरळ पायाकडे पाहिलं.

"आधी पायातल्या जुन्याच बुटांनी पळून दाखवा. इथून तिथवर."

"जुने टाकायचेच आहेत."

"नवे कुठले घ्यायचे ते जुनेच सांगतात. पळा."

गादी पळाला. बाईंनी डोळे मिटून घेतले. बायकोने पाहिलं, त्या बघत नव्हत्या, ऐकत होत्या. थप, खर्र. थप, खर्र. गादी टोकाला जाऊन परत आला तोवर बाईंच्या कपाळावर एक आठी आली होती. त्यांनी तीन खोकी खाली काढली.

पहिला बूट ढगासारखा. गादीने पाय घातला आणि तो आत रुतला. मग त्याने बूट काढून डाव्या तळहातावर ठेवला आणि उजव्या मुठीने टाचेच्या जागी एक ठेवून दिला. धप्प. बाजूला सपाता बघणारं गिऱ्हाईक दोन पावलं मागे गेलं.

"हाताला कळलंच नाही," गादी खूश होऊन म्हणाला. "हाच द्या."

"हा नको. असला मऊ असला की माणूस पाय जास्त जोरात आपटतो. किती लागतंय ते पायाला कळतच नाही ना. आठ किलोमीटर आपटाल आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता येणार नाही."

गादीला हसू फुटलं. "हे आमच्याकडे ग्लोव्हजचंच झालं की. नवी पोरं म्हणतात, मोठे जाड ग्लोव्हज द्या, म्हणजे कमी लागेल. कुणाला? जाड ग्लोव्ह असतो मारणाऱ्याच्या बोटांसाठी. हात दुखत नाही म्हणून तो तासभर मारतो. पातळ असता तर चार ठोशांत त्याचाच हात सुजला असता."

तो हसत होता. बायको हसत नव्हती.

"म्हणजे सरावाला ते उशीएवढे ग्लोव्हज घालतात, ते तुमच्यासाठी नाहीत?"

"माझ्यासाठी कशाला? घणाच्या बोटांसाठी. मॅच आहे ना त्याची."

"एकोणीस वर्षं मला वाटत होतं ते तुमच्यासाठी आहेत," ती म्हणाली, आणि बुटांच्या खोक्याची झाकणं एकावर एक रचत बसली.

दुसरा बूट जाड होता पण कडक. "दगडापेक्षा वीट मऊ," म्हणून गादीनेच बाजूला ठेवला. तिसरा बाईंनी स्वतः त्याच्या पायात चढवला. फोम तितकाच जाड, पण दाबला की ताठ उभा राहणारा. तळ रुंद, पाऊल वर ठेवल्यासारखं नाही, वाटीत बसल्यासारखं वाटावं अशा उचललेल्या कडा. अर्धा नंबर मोठा, कारण धावताना पाय सुजतात. बाईंनी अंगठ्याने पुढची जागा चाचपली, नाडीची गाठ सैल करून पुन्हा बांधली. "हा रोजचा बूट. शर्यतीचा नाही, मिरवायचा नाही. भाकड दिवसाचा."

"आमचे सगळे भाकडच," गादी म्हणाला.

तो पुन्हा पळाला. थप, फस्. थप, फस्. गुडघ्याला काही कळलं नाही. त्याला वाटलं आपण पुन्हा पंचवीस वर्षांचे झालो. तो त्या आनंदात तिसरी फेरी मारत होता, तेव्हा बाईंनी त्याचे जुने बूट उलटे करून टेबलावर शेजारीशेजारी ठेवले आणि त्याच्या बायकोला खुणेने जवळ बोलावलं.

उजव्याची टाच बाहेरच्या बाजूने झिजली होती. ती सगळ्यांचीच झिजते. डाव्याची टाच कोरी करकरीत होती. पण पुढचं टोक घासून घासून रबर संपलं होतं आणि आतलं कापड दिसत होतं.

"हा पाय ते उचलत नाहीत. ओढतात."

गादी धापा टाकत आला. "गुडघ्यामुळे."

"गुडघा दुखतो तेव्हा माणूस पाय जपून टेकवतो. ओढत नाही. आणि दुखतोय कुठला तुमचा?"

गादीने उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. मग त्याचं त्यालाच कळलं आणि त्याने हात काढला.

"मी बूट विकते," बाई म्हणाल्या. "पाय का ओढतो ते मला समजत नाही. पण हा बूट टाकू नका. डॉक्टरांना दाखवा."

"बूट?" गादी म्हणाला. "त्याला काय तपासणार ते?"

"मॅच झाली की दाखवू," असं तो रस्त्यात म्हणाला. बायकोने वाद घातला नाही. तिने जुने बूट पिशवीत घालून पिशवी घराच्या दाराशी खुंटीला अडकवली आणि तीन आठवड्यांनंतरची, सरकारी दवाखान्यात मिळाली ती पहिली तारीख घेऊन आली. ती अशीच होती. कापडावर डाग दिसला की ती ओरडायची नाही, वाफ धरायची.

नव्या बुटांनी जादू केली. पहिल्या दिवशी तीन किलोमीटर, चौथ्या दिवशी पाच, दहाव्या दिवशी आठ. सकाळी कचऱ्याच्या गाड्या फिरायच्या वेळी तो बाहेर पडायचा आणि दूधवाल्याच्या आधी परत यायचा. फोम गुडघ्याचा सगळा मार गिळायचा. अकराव्या दिवशी फुटपाथच्या कडेला डाव्या बुटाचं जाड टोक अडकलं आणि तो तोंडावर पडला. हात पुढे आलेच नाहीत. हनुवटी फुटली, दाताचा तुकडा जिभेवर आला. तो उठला, तुकडा थुंकला आणि उरलेले दोन किलोमीटर शर्टाने हनुवटी दाबून पुरे केले. मास्तरांनी टाके बघितले. "कुणी मारलं?" "रस्त्याने," गादी म्हणाला, आणि सगळी जिम पोट धरून हसली. मास्तरांनी त्याला परत रिंगमध्ये घेतलं.

आपण आणखी काय काय लपवतोय ते गादीला माहीत होतं. घणाला दोनदा त्याने आधीच्या पोराच्या नावाने हाक मारली होती. चहाचा कप धरलेला हात कधी अर्ध्यात थांबायचा आणि कप कुठे न्यायचा होता ते आठवायला क्षण जायचा. डोकं तर महिनाभर दुखत होतं, एकाच जागी, आतून कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं. बायकोला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मार खाणं बंद, आणि मार खाणं बंद म्हणजे मग आपण कोण?

दवाखान्याची तारीख होती त्या सकाळी सहा फेऱ्यांचा सराव होता. "दहाला आटोपतो, तिथूनच जाऊ," तो बायकोला म्हणाला आणि निघाला. जिमच्या बाकावर बसून नाड्या सोडायला वाकला, तेव्हा त्याला आपले पाय दिसले. उजव्या पायात नवा बूट होता. डाव्या पायात जुना.

दारात पिशवी लटकत होती, तिच्यातला एक त्याने उपसून घातला होता. एक पाय दीड इंचावर आणि एक जमिनीवर, असा तो वीस मिनिटं चालत आला होता, आणि त्याला कळलं नव्हतं.

त्याने आजूबाजूला पाहिलं. घण हाताला पट्ट्या गुंडाळत होता. मास्तर घड्याळ पुसत होते. गादीने दोन्ही बूट बाकाखाली सारले, वर टॉवेल टाकला. आज जड गेलं तर मारायच्या टपल्या, त्याने ठरवलं. एकोणीस वर्षं नाही मारल्या, आज मारू. कुणी खात नाही. असं ठरवल्यावर त्याला जरा धीर आला आणि तो दोर वर करून आत शिरला.

पहिल्या दोन फेऱ्या सवयीने गेल्या. तिसरीत घणाने त्याला कोपऱ्यात कोंडलं. बरगड्यांवर चार, यकृतावर एक, मग खालून वर हनुवटीवर. टाक्यांची जागा उघडली. रक्त गळ्यावरून छातीवर आलं, घणाच्या ग्लोव्हवर गेलं आणि पुढचा प्रत्येक ठोसा ओला बसायला लागला. थाप. थाप. ओल्या कपड्याने दगड झोडपावा तसा.

"काका, टाका सुटला."

"मार," गादी रबरामागून म्हणाला.

चौथ्या फेरीत डावा पाय कॅनव्हासला चिकटला. मागे सरायचं होतं, उजवा सरला, डावा राहिला. तेवढ्यात घणाचा उजवा हात कानशिलावर आला. ठोशाचा आवाज गादीला आलाच नाही. बादलीत डोकं घातल्यासारखं सगळं घुमलं. मास्तर दोन झाले. दोर सहा झाले. आणि अंगठा दाबून धरलेल्या त्या जागी काहीतरी फाटल्यासारखं झालं.

त्याने उजवा ग्लोव्ह उचलला आणि हेडगार्डवर मारला. टप, टप.

घण थांबला. पापणी लवेल इतकाच. मास्तरांनी वर पाहिलं. शिट्टी त्यांच्या ओठात होती. पण ज्या माणसाने एकोणीस वर्षं टपल्या मारल्या नाहीत, तो आज मारतोय, हे दोघांच्याही डोक्यात शिरलं नाही. दुसऱ्या कुणी मारल्या असत्या तर शिट्टी आपोआप वाजली असती.

"हेडगार्ड मग नीट कर," मास्तर म्हणाले. "दीड मिनिट आहे. चालू ठेव."

"काका, बसलं का नीट?" घणाने विचारलं आणि पोटात हाणला.

गादी दुमडला. वर आला तो तोंडावरच्या ठोशाने. मग कानावर. मग दुसऱ्या कानावर. तो हात वर न्यायचा प्रयत्न करत होता, पण ग्लोव्ह कुठे आहे ते शोधावं लागत होतं. भिंतीवरचं घड्याळ, बादली, घणाचे दात, सगळं एकात एक सांडत होतं. नाकातून फुगा आला आणि फुटला. त्याला ग्लोव्ह सापडला. टप. मग बराच वेळ गेला, निदान त्याला तसं वाटलं. टप.

"चाळीस सेकंद," मास्तर घड्याळात बघत म्हणाले. "वर मार, वर."

घणाने खांदा मागे नेला. आणि त्याच्या खांद्यावरून गादीला एक बूट येताना दिसला.

पांढरा, जाड, हवेत गरगरत येणारा डाव्या पायाचा बूट. आपला मेंदू आता बूट दाखवायला लागला, असं त्याला वाटलं. तो बूट घणाच्या मानेवर सणकून आदळला. शंभर शर्टांचा हात होता त्याच्यामागे. घण चमकून वळला, आणि बूट रिंगच्या मधोमध पडून दोनदा उसळला.

"टपल्या मारताहेत ते," बायको दारातून म्हणाली. ती ओरडली नाही. तिच्या आवाजाने वाळूची पिशवी मारणारेही थांबले. "दोनदा मारल्या. जेवताना रोज मारतात, मला कळतं. तुम्हाला कळत नाही?"

"वहिनी, तो हेडगार्ड—" मास्तर म्हणाले.

ती दोरांमधून आत शिरली होती. चपला घालूनच. त्या रिंगमध्ये आजवर कुणी चपला घालून गेलं नव्हतं. "मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये, मास्तर," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला खाली बसवलं. तोंडातलं रबर काढलं. रबराबरोबर लाळ आणि रक्ताची दोरी लोंबत आली. ती तिने पदराने पुसली.

"तू इथे कशी?" गादीने जड जिभेने विचारलं.

"दारात हा एकच बूट राहिला होता. म्हटलं, दुसऱ्या पायात काय घालून गेलात ते बघावं."

गादीने बाकाकडे पाहिलं. घणाने टॉवेल उचलला. एक पांढरा, एक फाटका. घण ते दोन बूट हातात धरून उभा राहिला, आणि मग तो बावीस वर्षांचा, दारासारख्या खांद्यांचा पोरगा कोपऱ्यात तोंड करून रडायला लागला.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोक्याचा फोटो बघितला आणि मग जुना बूट हातात घेऊन त्याहून जास्त वेळ बघितला. कवटीच्या आत, मेंदूवर, जुनं रक्त साचलं होतं. महिन्या-दीड महिन्याचं असावं, म्हणाले. वर त्या सकाळचं ताजं. त्याच संध्याकाळी कवटीला दोन भोकं पाडली. आतून निघालं ते रक्तासारखं नव्हतं, गाडीतून जुनं तेल काढतात तसं काळपट होतं. "पाय ओढतात हे कुणाच्या लक्षात आलं?" डॉक्टरांनी विचारलं. बायकोने सांगितलं, "बूट विकणाऱ्या बाईंच्या." डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं की नाही कोण जाणे, पण मान हलवली. यापुढे डोक्याला एकही ठोसा चालणार नाही, हे मात्र त्यांनी तीनदा सांगितलं. दोनदा बायकोला आणि एकदा गादीला.

घण रोज येऊन पलंगाच्या पायथ्याशी बसायचा. चौथ्या दिवशी बोलला.

"काका, मला खरंच वाटलं तुम्ही हेडगार्ड सरकवताय."

"मलाही तसंच वाटलं असतं," गादी म्हणाला. "त्यात तुझं काय चुकलं. मी कधी शिकवलीच नाही तुम्हाला माझी टपली कशी दिसते."

मास्तर एकदाच आले. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, उठताना शिट्टी उशाशी ठेवून गेले.

ती शिट्टी आता गादीच्या गळ्यात असते. घड्याळ मास्तरांकडे, हात गादीकडे, अशी वाटणी झाली. तो मारणाऱ्याकडे बघतच नाही. मार खाणाऱ्याचा उजवा ग्लोव्ह तेवढा बघतो. आणि दर सोमवारी, सराव सुरू व्हायच्या आधी, जिममधल्या प्रत्येकाने रिंगमध्ये जाऊन एकेक ठोसा खायचा आणि दोन टपल्या मारून दाखवायच्या, असा नवा नियम त्याने लावलाय. लागो न लागो. मोठमोठे गडी लाजतात, कान लाल होतात. घण मॅच जिंकून आला तेव्हा त्यालाही मारायला लावल्या. तो इतक्या हळू मारत होता की गादीने त्याला परत पाठवलं. "मागच्या भिंतीला दिसल्या पाहिजेत."

सकाळी गादी पळतो. डॉक्टर म्हणाले तेवढं, तीन किलोमीटर, बेताने. बूट तेच. डाव्याच्या टाचेवर आता झीज दिसायला लागलीय. दुकानातल्या बाईंना नेऊन दाखवली, तर त्यांनी बूट उलटा करून अंगठा फिरवला आणि फक्त "हं" म्हणाल्या.

घरी मात्र एक गोष्ट बिघडली. परवा जेवताना बायको वाढत होती, आणि गादीने बोलता बोलता, जुन्या सवयीने, डोक्यावर दोन टपल्या मारल्या. डाव हवेतच थांबला. भांड्यात परत गेला. भांड्यावर झाकण पडलं.

"अगं, सवयीने मारल्या. भूक आहे मला. वाढ."

"नाही," ती म्हणाली. "मारल्या म्हणजे मारल्या."

लेक ताटात बघून हसत होती. गादी झाकणाकडे बघत पाणी प्यायला आणि उठला.